लग्न केल्यास नोकरी समाप्त

अधिकाराच्या जागी बसणाऱ्या स्त्रीचे सुखदुःख म्हटले, की आपणांस कामाचा ताण आठवतो. परंतु पहिल्या पिढीतील स्त्रिया त्या जागेपर्यंत पोचल्या, त्या मुळात एका अटीवर.

१९५१ साली केरळच्या अन्ना राजम जॉर्ज आय. ए. एस.मध्ये दाखल झाल्या. लग्न केल्यास नोकरी संपेल, असे त्यांच्या नेमणुकीच्या हुकुमातच होते. पुरुषाला असा हुकूम कोणी दिला असता काय? मद्रासचे मुख्यमंत्री राजाजी त्यांना सचिवालयातले काम देऊ पाहत होते. बाई जिल्ह्याच्या कामासाठी अडून बसल्या! घोडेस्वारी व नेमबाजी त्या शिकल्याच होत्या. होसूरच्या सब-कलेक्टर होऊन त्या घोड्यावरून गावे हिंडल्या. एका गावी एक म्हातारी त्यांच्याभोवती फिरून त्यांना न्याहाळीत राहिली आणि अखेर म्हणाली, ही तर आपल्यासारखीच दिसते.

लग्नाची ती अट पुढे गेली. परराष्ट्र सेवेत मात्र लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, असा नियम स्त्रियांपुरता राहिला. १९४९ साली त्या सेवेत आलेल्या सी. बी. मुथम्मा बढती नाकारल्यावरून सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा १९७९ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक ताशेरे ओढले.

अन्नाबाईंनी आपल्याच तुकडीच्या आर. एन. मल्होत्रा यांच्याशी लग्न केले, ते बऱ्याच उशिरा. आपल्या न्हावा-शेवा बंदराच्या उभारणीची धुरा त्यांच्याकडे होती. १९८९ साली बंदर सुरू झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. २०१८ साली त्या मुंबईतच वारल्या.