आधी श्वास, मग रस्ता



मी डॉक्टर नव्हे. कामगारांच्या सभा घेण्यात आयुष्य गेले. जे वाचले ते फावल्या वेळात. परंतु यंत्रात सापडलेला गडी चौघांनी उचलावा, टेम्पोत घालावा आणि दवाखान्याकडे धाव घ्यावी, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्या धावपळीत माया असते, पद्धत नसते. आजची हकीकत अमेरिकेतील आहे. पण ती या पद्धतीची आणि ती हाती घेणाऱ्या श्रमिकांची आहे.

१९६० नंतरच्या काही वर्षांत पिट्सबर्ग या पोलादाच्या नगरीत आजाऱ्याला इस्पितळात नेण्याचे काम बहुधा पोलिसांच्या गाडीकडे असे. वाटेत उपचार जवळजवळ नसेच. तेथील भूलतज्ज्ञ डॉ. पीटर सॅफर यांना हे सलत होते. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होतो. मान मागे कलवून हनुवटी उचलली, तर वाट मोकळी होते. म्हणून त्यांनी तपासण्याचा क्रम बांधला: ए म्हणजे श्वासाची वाट, बी म्हणजे श्वसन, सी म्हणजे रक्ताभिसरण. जे आधी जीव घेते ते आधी पाहायचे, आणि दोष दिसताच तेथेच दूर करून मग पुढे जायचे, हे त्यातील मर्म. पुढे अनुभवाने हा क्रम दुरुस्तही झाला; हृदय बंद पडलेल्या प्रौढाच्या छातीवर आधी दाब द्यावा, असे २०१० पासून शिकवतात.

१९६६ साली सॅफर यांची अकरा वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी शहरातील 'फ्रीडम हाऊस' या संस्थेबरोबर शिक्षणवर्ग काढला. विद्यार्थी होते हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीतील कृष्णवर्णी बेकार तरुण. कित्येकांची शाळाही पुरी झालेली नव्हती. त्यांना शरीरशास्त्र शिकवले, इस्पितळात प्रत्यक्ष सराव दिला, आणि १९६८ साली त्यांच्या गाड्या रस्त्यावर आल्या. ज्या वस्तीला समाज नालायक म्हणत होता, तिला आता शहरातील सुखवस्तू भागांहून चांगली सेवा मिळू लागली!

मग काय झाले? १९७५ साली नगरपालिकेने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाऊस बंद झाले. माणसे नव्या सेवेत घेतली खरी, परंतु परीक्षा, बदल्या आणि गोऱ्या वरिष्ठांचा कारभार यांत बरीचशी बाहेर पडली. त्यांच्या वैद्यकीय प्रमुख डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी मात्र त्या अनुभवावर देशभरासाठी अभ्यासक्रम रचला. विद्या सर्वत्र गेली. ती प्रथम रस्त्यावर वापरणारे हात विस्मृतीत गेले. कामगार चळवळीत वाढलेल्या मला हा अन्याय ओळखीचा वाटतो.

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तरी गाडी येईपर्यंतची मिनिटे जवळ उभ्या असलेल्यांचीच असतात. बेकार पोरांना जे शिकता आले, ते आपल्या खात्यातील फिटरला आणि चाळीतील गृहिणीला का येऊ नये? उद्या मालकाकडे मागण्यांची यादी नेताना पगाराखाली आणखी एक ओळ लिहू या: प्रत्येक पाळीत हा क्रम शिकलेली दोन माणसे हवीत, आणि ते शिक्षण कामाच्या वेळात, भरपगारी.