नव्वद दिवसांचे प्रमाणपत्र

शाळेचा बोनाफाईड दाखला आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. अमुक विद्यार्थी आमच्या शाळेत शिकत आहे, एवढेच तो सांगतो. तो खरा मानला जातो, कारण त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा शिक्का असतो, आणि पाहणाऱ्याचा त्या शिक्क्यावर विश्वास असतो. इंटरनेटवरील संकेतस्थळांनाही असाच एक दाखला लागतो. त्याला सुरक्षा प्रमाणपत्र म्हणतात. मात्र आज जगातील कोट्यवधी संकेतस्थळांना हे प्रमाणपत्र माणूस देत नाही, यंत्र देते; आणि मुदत संपण्याआधी ते नवे करून घेण्याचे कामही यंत्रच करते. हा बदल का करावा लागला, ते पाहू.

कल्पनेचा उगम

१९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी दोन किल्ल्यांची कल्पना मांडली. एक किल्ली सर्वांना जाहीर करायची, दुसरी गुप्त ठेवायची. जाहीर किल्लीने बंद केलेला मजकूर फक्त गुप्त किल्लीने उघडतो. उलट, गुप्त किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीच्या साहाय्याने कोणालाही पडताळता येते. त्यामुळे पूर्वी कधीही न भेटलेल्या दोघांनाही गुप्तपणे संदेश पाठवणे शक्य झाले. पण एक प्रश्न उरलाच. समोर आलेली जाहीर किल्ली खरोखर बँकेची आहे, की मध्येच बसलेल्या एखाद्या ठकाने स्वतःची किल्ली बँकेची म्हणून पुढे केली आहे?

याचे उत्तर १९७८ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील लॉरेन कोह्नफेल्डर या विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधात दिले. विश्वासू संस्थेने नाव आणि किल्ली ही जोडी नोंदवून त्याखाली आपली सही करावी, असे त्याने सुचवले. या नोंदीला त्याने सर्टिफिकेट हे नाव दिले. १९९५ च्या सुमारास नेटस्केप कंपनीच्या ब्राउझरमुळे ही कल्पना प्रत्यक्ष वापरात आली आणि प्रमाणपत्रे विकणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. अशा संस्थांची यादी ब्राउझरमध्ये आधीच भरलेली असते. यादीतील संस्थेची सही दिसली, की ब्राउझर ते प्रमाणपत्र मान्य करतो.

हाताचे काम

पुढील सुमारे वीस वर्षे प्रमाणपत्र मिळवणे हे बहुतांशी हातानेच करायचे काम होते. किल्ल्यांची जोडी तयार करायची, अर्ज भरायचा, बहुधा शुल्कही भरायचे, संस्थेकडून आलेल्या ईमेलला उत्तर द्यायचे, आलेले प्रमाणपत्र सर्व्हरवर योग्य जागी बसवायचे. जाणकार माणसालाही पहिल्या वेळी एक ते तीन तास लागत. त्यामुळे लहान संस्था, शाळा, ग्रंथालये यांपैकी अनेकांनी प्रमाणपत्र घेतलेच नाही. त्यांच्या संकेतस्थळावर भरलेला पासवर्ड वाटेत कोणालाही वाचता येई.

ज्यांनी प्रमाणपत्र घेतले, त्यांना मुदत लक्षात ठेवावी लागे. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत अंदाजपत्रकाच्या वादामुळे अनेक सरकारी कार्यालये बंद पडली आणि कर्मचारी घरी बसले. जानेवारी २०१९ मध्ये सरकारी संकेतस्थळांच्या ८० हून अधिक प्रमाणपत्रांची मुदत संपलेली आढळली. नूतनीकरण करायला माणूसच जागेवर नव्हता.

मग मुदत हवीच कशाला?

विद्यार्थी हा प्रश्न विचारतील, आणि तो रास्त आहे. गुप्त किल्ली चोरीला जाऊ शकते किंवा प्रमाणपत्र चुकीच्या माणसाला दिले जाऊ शकते. २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणक संस्थेच्या यंत्रणेत घुसखोरी झाली. गूगलसह अनेक नावांची ५०० हून अधिक खोटी प्रमाणपत्रे तयार झाली आणि गूगलच्या नावाचे प्रमाणपत्र इराणमधील नागरिकांवर पाळत ठेवण्यासाठी वापरले गेले. त्याच वर्षी संस्थेचे दिवाळे निघाले.

अशी प्रमाणपत्रे रद्द करण्याची सोय आहे. परंतु ‘हे रद्द झाले आहे का?’ या ब्राउझरच्या चौकशीला उत्तर आले नाही, तर बहुतेक ब्राउझर तसेच पुढे जात. भरवशाची अशी एकच गोष्ट उरली: प्रमाणपत्रावर छापलेली अखेरची तारीख. ती जितकी जवळ, तितके चोरलेले प्रमाणपत्र लवकर निकामी. पण ती जितकी जवळ, तितके हाताचे काम अधिक. हा पेच माणसे वाढवून सुटणारा नव्हता.

यंत्राने घेतलेली परीक्षा

२०१२ साली मोझिला संस्थेतील जॉश आस व एरिक रेस्कोर्ला यांनी एक विनामूल्य, स्वयंचलित प्रमाणक संस्था उभारण्याचे काम हाती घेतले. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे पीटर एकर्सली आणि मिशिगन विद्यापीठाचे जे. ॲलेक्स हॅल्डरमन हेही अशाच प्रयत्नात होते. दोन्ही प्रवाह एकत्र आले. लेट्स एन्क्रिप्ट या नावाच्या या संस्थेने पहिले प्रमाणपत्र सप्टेंबर २०१५ मध्ये दिले. मुदत होती ९० दिवस.

तिची पद्धत सोपी आहे. सर्व्हरवरील एक प्रोग्राम संस्थेला कळवतो, ‘मला अमुक नावासाठी प्रमाणपत्र हवे.’ संस्था त्याला एक यादृच्छिक अक्षरमाला देते आणि ती त्याच संकेतस्थळावर ठरावीक जागी ठेवण्यास सांगते. मग संस्था स्वतः तेथे जाऊन ती वाचते. ज्याच्या ताब्यात संकेतस्थळ आहे, त्यालाच ती तेथे ठेवता येईल. ओळख पटली, की सही होते. सर्व काम काही सेकंदांत आटोपते आणि सुमारे ६० दिवसांनी प्रोग्राम आपणहून पुन्हा अर्ज करतो. या संवादाचे नियम ॲक्मे या नावाने मार्च २०१९ मध्ये इंटरनेटचे मानक म्हणून प्रसिद्ध झाले.

२७ फेब्रुवारी २०२० रोजी संस्थेने शंभर कोटी प्रमाणपत्रांचा टप्पा गाठला. तेव्हा ती सुमारे १९ कोटी संकेतस्थळांना सेवा देत होती आणि तिचे पूर्णवेळ कर्मचारी होते फक्त १३.

यंत्राची चूक

दोनच दिवसांनी, २९ फेब्रुवारीला, संस्थेच्या प्रोग्राममध्ये एक दोष सापडला. संकेतस्थळाचा मालक ‘माझ्या नावाचे प्रमाणपत्र फक्त अमुक संस्थेनेच द्यावे’ असे जाहीर करू शकतो, आणि सही करण्यापूर्वी ही नोंद पाहणे बंधनकारक आहे. एका अर्जात दहा नावे असली आणि त्यांच्या नोंदी पुन्हा पाहायच्या झाल्या, तर हा प्रोग्राम दहा नावे तपासण्याऐवजी एकच नाव दहा वेळा तपासत होता. हजेरी घेताना एकाच मुलाचे नाव दहा वेळा पुकारावे, तसा हा प्रकार. ३० लाखांहून अधिक प्रमाणपत्रांना त्याची बाधा झाली होती.

नियमानुसार ती पाच दिवसांत रद्द करायची होती. तेवढ्या वेळात सुमारे १७ लाख प्रमाणपत्रे बदलून झाली. उरलेल्यांपैकी बरीचशी लगेच रद्द केली असती, तर चालू संकेतस्थळे लोकांना बंद झाली असती. म्हणून ती तशीच ठेवण्यात आली. संस्था हा निर्णय घेऊ शकली, कारण ९० दिवसांच्या आत ती सर्व आपोआप निकामी होणारच होती. माणसाची चूक एका कागदापुरती असते, यंत्राची एकदम लाखोंच्या घरात जाते. मात्र ती आवरण्याची सोयही आखूड मुदतीतच होती.

आता सर्वच प्रमाणक संस्था त्या दिशेने निघाल्या आहेत. प्रमाणक संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठराव केला. त्यानुसार जास्तीत जास्त मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस अशी ठरली. एवढ्या लवकर हाताने नूतनीकरण करणे मोठ्या संस्थांना अशक्यप्राय आहे.

हे प्रमाणपत्र काय सांगत नाही, तेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. नाव आणि किल्ली यांची जोडी खरी आहे, एवढीच यंत्राची साक्ष. त्या नावामागचा माणूस प्रामाणिक आहे, असे ते म्हणत नाही. फसव्या संकेतस्थळालाही स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र रीतसर मिळते. कुलपाच्या चिन्हाचा लोक ‘हे संकेतस्थळ भरवशाचे’ असा अर्थ लावतात, हे लक्षात आल्यावर क्रोम ब्राउझरने २०२३ साली पत्त्याच्या पट्टीतून ते चिन्ह काढून टाकले. बोनाफाईड दाखलाही मूल शाळेत आहे एवढेच सांगतो. ते कसे आहे, हे त्याच्याशी बोलल्याखेरीज कळत नाही.