हरणाची शिकार: इनामगावने हाडांत जपलेला इतिहास 🧵

१/ शिकार म्हटली की राजे, घोडे आणि भिंतीवर टांगलेली शिंगे आठवतात. ताथवड्याच्या महामार्गावरून पूर्वेकडे निघालो, तर शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी शिकारीची निराळी कथा भेटते. तिथे राजा नाही, गाजावाजाही नाही.

२/ ते गाव इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ दरम्यान तिथे उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील ही ताम्रपाषाणयुगीन वसाहत होती.

३/ हे लोक शेतकरी होते. जव हे त्यांचे प्रमुख पीक. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्याही होत्या. तरीही घरांच्या आसपासच्या कचऱ्यात पाळीव जनावरांच्या हाडांसोबत हरणांची हाडे सापडली. मग घरी गोठा असलेला माणूस रानात का जात होता?

४/ बैल खाल्ला की नांगर थांबतो. रानातले हरीण मात्र गोठ्याला धक्का न लावता चूल पेटवते. शिवाय हरीण उभ्या पिकात शिरते, म्हणजे एकाच शिकारीत शेताची राखण आणि जेवण दोन्ही साधते.

५/ इ.स.पू. १००० नंतर चित्र बदलते. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती मागे पडते आणि शिकारीवरचा भर वाढतो. ढवळीकरांनी यामागे वाढते अवर्षण पाहिले. हा अन्वयार्थ सर्वांना मान्य नाही, आणि असा वाद होणे हे शास्त्राच्या जिवंतपणाचेच लक्षण.

६/ अवर्षणाचे मत ग्राह्य धरले, तर या शिकारीचे मोल शौर्यात उरत नाही. पीक बुडालेल्या वर्षी लेकरांच्या पानात पडलेला घास, हेच तिचे बक्षीस. त्याचा पोवाडा कोणी रचला नाही. साक्ष राहिली ती हाडांची.

७/ आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा आहे, आणि ते योग्यच. आपल्याला आता त्या घासाची गरज नाही. मात्र सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसण्यासाठी श्वास रोखून थांबाल, तेव्हा त्या शिकाऱ्याचे निम्मे काम तुम्ही केलेले असेल. उरलेले निम्मे इतिहासावर सोडा.