आशेचे वेळापत्रक

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील एखाद्या शाळेतले मूल दोन-तीन आठवडे वर्गात दिसत नाही. आधी न उतरणारा ताप, मग अंगावर निळसर डाग, हिरड्यांतून रक्त. गावचा दवाखाना, तिथून पुणे आणि पुष्कळदा मुंबईचे परळ. ‘ब्लड कॅन्सर’ हे दोन शब्द गावात पोचले, की लोक हळू आवाजात विचारतात, “आता काय उरलं?” 1948 पूर्वी जगात कुठेही या प्रश्नाला एकच उत्तर होते. आज ते उत्तर खरे नाही. ते कसे बदलले, हे शिक्षकाला ठाऊक असणे त्या मुलाच्या उपयोगाचे आहे.

गिरण्यांतील स्त्रिया आणि यीस्टचा अर्क

ही गोष्ट परळमध्येच सुरू होते. मात्र कर्करोगापासून नव्हे. 1928 साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना तीव्र पांडुरोग होत असे. त्याचे कारण शोधण्याचे काम त्यांनी हाफकिन संस्थेत केले. या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या असत. मार्माइट या नावाने मिळणाऱ्या यीस्टच्या स्वस्त अर्काने त्या बऱ्या होतात, हे विल्स यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फॉलिक आम्ल. 1941 साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले, तेव्हा त्याला हे नाव मिळाले.

पेशीचे विभाजन व्हायचे, तर आधी तिच्यातील डीएनएची नक्कल तयार व्हावी लागते. फॉलिक आम्लाशिवाय हे काम अडते. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी हाच विचार उलट बाजूने केला. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. त्यांचे फॉलिक आम्लच अडवले तर? त्यासाठी लागणारे रसायन त्यांना अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेकडून मिळाले. तेथील संशोधनाचे नेतृत्व भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते. ॲमिनोप्टेरिन हे ते रसायन दिसायला फॉलिक आम्लासारखेच. पण कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी, तसे ते पेशीचे काम बंद पाडते. जून 1948 मध्ये फार्बर यांनी निष्कर्ष छापले. 16 मुलांपैकी 10 जणांत सुधारणा दिसली होती.

सुधारणा म्हणजे बरे होणे नव्हे

पण काही महिन्यांतच आजार परतला. असे का झाले, हे साध्या गणिताने कळते. निदानाच्या वेळी शरीरात सुमारे एक लाख कोटी कर्कपेशी असतात असे समजू. औषधाने त्यातील 99.9 टक्के मारल्या, तरी शंभर कोटी उरतात. त्या सूक्ष्मदर्शकाखाली सहजी सापडत नाहीत. मूल जेवू-खेळू लागते, तपासणीही चांगली येते. पण आजार संपलेला नसतो. औषधाची प्रत्येक फेरी पेशींची ठरावीक संख्या नव्हे, तर ठरावीक प्रमाण मारते, हे हॉवर्ड स्किपर यांनी 1960च्या दशकात उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. म्हणून फेऱ्या पुन्हा पुन्हा, आणि एकाऐवजी अनेक औषधे.

त्यांतील एक औषध आपल्या अंगणातल्या झाडाने दिले. सदाफुली मधुमेहावर चालते, असा समज अनेक देशांत होता. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी 1950च्या दशकात तो तपासून पाहिला. उंदरांच्या रक्तातील साखर काही उतरली नाही. पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. या झाडातूनच पुढे व्हिनक्रिस्टीन मिळाले. (पाने चघळून हे औषध मिळत नाही. शेकडो किलो पानांतून जेमतेम ग्रॅमभर निघते आणि झाड विषारी आहे.) 1960च्या दशकाच्या अखेरीस मेम्फिसमध्ये डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे, मेंदूभोवती लपलेल्या पेशींवर वेगळे उपचार आणि दोन-तीन वर्षांची चिकाटी एकत्र आणली. सुमारे निम्मी मुले कायमची बरी झाली.

आपल्याकडे टाटा स्मारक रुग्णालय 1941 सालीच उभे राहिले, हाफकिन संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर. परंतु पाश्चात्त्य उपचारपद्धती जशीच्या तशी आपल्या परिस्थितीत चालत नव्हती. 1984 पासून मुंबईसह दिल्ली व चेन्नई येथे ‘एमसीपी 841’ ही आखीव पद्धत वापरात आली. पूर्वी पाचांतले एक मूलही दीर्घकाळ आजारमुक्त राहत नसे; या केंद्रांत ते प्रमाण 45 ते 60 टक्क्यांपर्यंत गेले. आज जगातील उत्तम केंद्रांत मुलांमधील या आजाराच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारातून दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

वॉर्डातले दिवस

केमोथेरपीची औषधे वेगाने विभागणाऱ्या सर्वच पेशींवर घाव घालतात. केसांची मुळे, तोंडाचे अस्तर, अस्थिमज्जा हेही त्यात सापडतात. म्हणून केस गळणे किंवा तोंड येणे ही आजार बळावल्याची खूण नव्हे. बऱ्याच औषधांनंतर पांढऱ्या पेशींची संख्या साधारण एक ते दोन आठवड्यांत तळ गाठते आणि पुन्हा चढते. आलेखाच्या कागदावर ही संख्या मांडायला सातवीचे मूलही शिकू शकते. उतरलेली रेषा पुन्हा वर येते, हे एकदा स्वतःच्या हाताने काढून पाहिले, की पुढच्या फेरीत भीती थोडी आवरते.

आशेविषयी एक सावधगिरी हवी. “हिंमत धर, मग बरा होशील” असे आपण सहज बोलतो. डोके व मान यांच्या कर्करोगाच्या 1,093 रुग्णांचा अमेरिकेत अभ्यास झाला. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मनाची उभारी आणि आयुर्मान यांचा संबंध आढळला नाही. कर्कपेशी मारते ते औषध. मूल रडले, खचले, तर त्यात त्याचा दोष नाही. आजार परतला तरीही नाही. आशेचे काम वेगळे आहे. पुढच्या फेरीला घरातून पाऊल निघते, ते तिच्यामुळे.

शाळेचा वाटा

उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. पहिल्या काही महिन्यांनंतर मूल टवटवीत दिसते, केस पुन्हा येतात. इकडे उसाची तोड सुरू असते, मजुरी बुडत असते, मुंबईच्या खेपांनी घर कर्जात गेलेले असते. “आता चांगला दिसतोय की,” असे कुणी म्हणते आणि एक तारीख चुकते. हा क्षण सर्वांत धोक्याचा. उरलेल्या शंभर कोटी पेशींचे गणित त्या वेळी पालकांना त्यांच्या भाषेत सांगू शकेल, असा जवळचा माणूस बहुधा शिक्षकच असतो.

आणखी काही गोष्टी शाळेच्या हातात आहेत. हा आजार संसर्गजन्य नाही, हे वर्गाला स्पष्ट सांगावे. उलट धोका त्या मुलालाच असतो. वर्गात कांजिण्या किंवा गोवर आल्यास त्याच्या घरी त्याच दिवशी कळवावे. पटावरचे नाव काढू नये. खेड्यांतून आलेली अनेक कुटुंबे दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहतात. तिथे वर्गमित्रांची पत्रे आणि थोडा अभ्यास पोचवता येतो. आणि परीक्षेची तारीख लिहितो त्याच वहीत त्या मुलाच्या पुढच्या औषधाची तारीखही लिहावी. आदल्या संध्याकाळी घरी जाऊन एवढेच विचारावे, “उद्या निघताय ना?”