नाकारलेल्या शब्दाचा तराजू

रक्तांतील कोलेस्टेरॉलच्या घडामोडींत भाग घेणारें एक एन्झाइम आहे. त्याचें संपूर्ण नांव घेतांना जीभ अडखळते, म्हणून शास्त्रज्ञ त्याला एलकॅट म्हणतात. मोकळ्या कोलेस्टेरॉलला स्निग्धाम्लाची जोड देणें हें त्याचें काम. याची जन्मजात उणीव असलेले रोगी १९६७ सालीं नॉर्वेंत नोरुम आणि ग्योने यांनीं वर्णिले: डोळ्यांचा पारदर्शक पडदा धुरकट, अंगीं रक्तक्षय, लघवींत प्रथिनें. निरोगी माणसाच्या रक्तरसांतही हें एन्झाइम मिलिलिटरमागें कांहीं मायक्रोग्रॅमच असतें. इतर असंख्य प्रथिनांच्या गर्दींतून तेवढेंच निवडून मोजावयाचें कसें?

या प्रश्नाचें उत्तर निराळ्याच रोगाच्या अभ्यासांतून आलें. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत पदार्थविज्ञानाच्या विदुषी रोझलिन यॅलो आणि वैद्य सॉलोमन बर्सन १९५० पासून एकत्र काम करीत होते. किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेलें इन्शुलिन त्यांनीं माणसांस टोचलें. मधुमेह्यांच्या शरीरांत इन्शुलिन फार लवकर नष्ट होत असावें, असा त्या काळीं एक तर्क होता. दिसलें तें उलटेंच. ज्यांनीं पूर्वीं इन्शुलिन घेतलें होतें, त्यांच्या रक्तांत तें अधिक वेळ टिकलें. कोणी तरी त्यास धरून ठेवीत होतें. हा धरणारा म्हणजे जनावरांपासून काढलेल्या परक्या इन्शुलिनविरुद्ध शरीरानें तयार केलेला प्रतिपिंड होय, असें उभयतांनीं लिहिलें.

इन्शुलिनसारखें लहानसें प्रथिन प्रतिपिंड उत्पन्न करूं शकेल, हें जाणत्यांस पटेना. १९५५ मध्यें निबंध परत आला. पुढील वर्षीं तो छापला गेला, पण मथळ्यांतून 'प्रतिपिंड' हा शब्द गाळून. पुरावा तोच, नांव तेवढें बदललेलें! यॅलोबाईंनीं तें नकाराचें पत्र जपून ठेवलें आणि १९७७ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानांत जगापुढें मांडलें. बर्सन तें पाहावयास उरले नव्हते. ते १९७२ मध्येंच वारले, आणि हें पारितोषिक दिवंगतांस दिलें जात नाहीं.

त्या नाकारलेल्या प्रतिपिंडाचाच १९५९-६० च्या सुमारास तराजू झाला. प्रतिपिंडावर जागा मोजक्या. त्यांवर खुणेचें इन्शुलिन आणि रोग्याच्या रक्तांतील इन्शुलिन, दोन्हीही हक्क सांगणार. रोग्याचें जितकें अधिक, तितकें खुणेचें बाहेर राहणार. तें मोजलें कीं हिशेब लागला. या युक्तीचें पेटंट दोघांनींही घेतलें नाहीं.

१९७१ मध्यें स्टॉकहोम येथें एव्हा एंगव्हाल आणि पीटर पर्लमन यांनीं किरणोत्सर्गाऐवजीं रंग उत्पन्न करणारें एन्झाइम खुणेसाठीं वापरलें. आज किटमधील ९६ खळग्यांच्या प्लॅस्टिकच्या ताटलींत एलकॅट मोजतात, तें याच वंशांतील रीतीनें: तळाशीं एक प्रतिपिंड, त्यानें पकडलेलें एलकॅट, आणि वरून खुणेचा दुसरा प्रतिपिंड. रंग जितका गडद, तितकें एलकॅट अधिक. मात्र किट प्रमाण सांगतें, कामगिरी नव्हे. कांहीं रोग्यांच्या रक्तांत घडण बिघडलेलें एलकॅट असतें. खळग्यांत रंग उमटतो, पण कोलेस्टेरॉल मोकळेंच राहतें. अशा वेळीं त्यास जोड मिळते कीं नाहीं, हें निराळ्या चाचणीनें पाहावें लागतें.