अकबराचा हकीम आणि ई-सिगारेट

तंबाखू मोगल दरबारात गेली ती आपल्या दख्खनमधून. १६०४च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला. आदिलशाही राजधानीत त्याने ही नवी वस्तू पाहिली, भरपूर विकत घेतली आणि रत्नजडित नळीसकट आग्र्याला बादशहापुढे ठेवली. पुढचा प्रसंग त्यानेच लिहून ठेवला आहे. अकबराने दोन-चार झुरके घेतले, तेवढ्यात हकिमाने थांबवले. त्याचे म्हणणे सरळ होते: हे पान अनोळखी आहे, आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांत त्याचा उल्लेख नाही, परीक्षा झाल्याशिवाय बादशहाला कसे द्यायचे? असद बेग म्हणाला, फिरंग्यांचे जाणते लोक हे वापरतात आणि जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीच होती. अकबराने असद बेगचे कौतुक केले, पण स्वतः सवय लावून घेतली नाही. अमीर-उमरावांनी मात्र लावली. मागणी वाढली तसे व्यापारीही तंबाखू आणू लागले.

मला या वादात हकीमच जास्त शहाणा वाटतो. असद बेगचा युक्तिवाद आजही दुकानात ऐकू येतो, फक्त हातात चिलमीऐवजी आंब्याच्या चवीचे व्हेप असते.

१६१७मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. इराणचा शाह अब्बास यानेही घातली होती. पण जहांगीराचा वकील खान आलम इराणात गेला, त्याला तंबाखूवाचून राहवेना, तेव्हा शाहने त्याला सवलत दिली. मोठ्यांना सूट आणि बाकीच्यांना हुकूम! अशा बंदीचे काय होणार?

इस्तंबूलचा सुलतान चौथा मुराद त्याहून कडक. १६३३पासून त्याने तंबाखू ओढणाऱ्यांना थेट मृत्युदंड दिला. तरी सैनिक बाहीत आखूड चिलमी लपवत, असे कातिब चेलेबी नोंदवतो. १६५६च्या आपल्या ग्रंथात त्याने वेगळा मार्ग सुचवला: विक्रीचा मक्ता द्या, कर घ्या आणि प्रत्येक शहरात ठरलेल्या एकाच जागी विकू द्या. हराम की मकरूह, यावर उलेमा तेव्हाही भांडत होते. चेलेबीचे लक्ष मात्र बाजारावर होते.

२००३मध्ये चीनच्या होन लिक या औषधतज्ज्ञाने ई-सिगारेट आणली आणि जुनाच वाद परत सुरू झाला. जून २०१९मध्ये सॅन फ्रान्सिस्को शहराने ठरवले, की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासल्याशिवाय ई-सिगारेट शहरात विकता येणार नाही. हे त्या हकिमाचेच म्हणणे. जूल या बड्या कंपनीचे मुख्यालय त्याच शहरात होते. तिच्या पैशावर निर्णय उलटवण्यासाठी मतदान झाले, आणि नोव्हेंबरमध्ये ऐंशी टक्क्यांहून जास्त मतदारांनी ते फेटाळले.

आपल्याकडे सप्टेंबर २०१९मध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा आला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. ओढणाऱ्याला शिक्षा नाही, हे मुरादपेक्षा बरे. पण साधी सिगारेट आणि बिडी कोपऱ्यावरच्या टपरीवर खुलेआम मिळते. झडती घेण्याचा अधिकार फौजदारापर्यंत दिला आहे, म्हणजे हा कायदा दिल्लीत नाही, आपल्या मोहल्ल्याच्या पोलीस ठाण्यात चालतो किंवा बसून राहतो. शाळेच्या आसपास हे कोण विकतो, ते त्या ठाण्यापेक्षा मोहल्ल्याला आधी कळते.