क्रॉस-कम्पायलिंग : एका संगणकावर दुसऱ्या संगणकाची घडण

माणूस ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो, ती भाषा संगणकाच्या प्रोसेसरला थेट समजत नाही. सी किंवा तत्सम भाषेतील मूळ संहितेचे यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करावे लागते. हे काम करणाऱ्या प्रोग्रामला कम्पायलर म्हणतात. सर्वसाधारणपणे कम्पायलर ज्या संगणकावर चालतो, त्याच प्रकारच्या संगणकासाठी आज्ञा तयार करतो. परंतु रूपांतर एका यंत्रावर करायचे आणि तयार झालेला प्रोग्राम निराळ्या आज्ञासंचाच्या दुसऱ्या यंत्रावर चालवायचा, अशी पद्धतही प्रचलित आहे. तिलाच क्रॉस-कम्पायलिंग असे म्हणतात. ज्या ऑपरेटिंग सिस्टीमची मूळ संहिता सर्वांसाठी खुली आहे, ती या पद्धतीने अनेक प्रकारच्या यंत्रांवर नेता येते.

मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर येथील जामा मशिदीचे उदाहरण ही कल्पना समजण्यास उपयोगी पडेल. फारुकी घराण्यातील राजा अली खान याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेल्या या मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरलेला आहे. संस्कृत लेखात मशिदीच्या उभारणीचा काळ विक्रम संवत १६४६ आणि शके १५११ असा दिला आहे. विषय एकच असला, तरी संस्कृत वाचकासाठी केवळ शब्द बदलून भागले नाही. कालगणनाही त्याच्या परिचयाची वापरावी लागली. क्रॉस-कम्पायलिंगमध्येही आज्ञांच्या भाषांतराबरोबर आकड्यांची लांबी, स्मृतीतील मांडणी आणि प्रोग्रामच्या भागांनी परस्परांना माहिती देण्याचे संकेत लक्ष्य यंत्राच्या रीतीनुसार बदलावे लागतात.

या पद्धतीची गरज का भासते?

पहिले कारण क्षमतेचे आहे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बांधण्यासाठी भरपूर स्मृती आणि वेगवान प्रोसेसर लागतो. लहान यंत्रावर ते काम तासन्‌तास रेंगाळते. आर्डुइनोसारख्या छोट्या सर्किट बोर्डवर तर कम्पायलरला जागाच नसते. रोबोटिक्सच्या वर्गातील विद्यार्थी लॅपटॉपवर प्रोग्राम लिहून तो केबलने बोर्डवर पाठवतो, तेव्हा त्याच्या नकळत क्रॉस-कम्पायलिंगच घडत असते. गोव्यातील शाळांमध्ये केअर्स योजनेद्वारे कोडिंग आणि रोबोटिक्सचे शिक्षण दिले जाते. त्यामुळे ही संकल्पना येथील विद्यार्थ्यांपासून फार दूर नाही.

दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. नवा प्रोसेसर जन्माला येतो, तेव्हा त्याच्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम नसते आणि कम्पायलरही नसतो. त्याची पहिली प्रणाली दुसऱ्याच यंत्रावर घडवावी लागते.

घडणीचे टप्पे

या प्रक्रियेत तीन यंत्रांचा विचार होतो : कम्पायलर ज्यावर बांधला जातो ते, कम्पायलर ज्यावर चालतो ते, आणि ज्याच्यासाठी तो आज्ञा निर्माण करतो ते लक्ष्य यंत्र. बहुतेक वेळा पहिली दोन एकच असतात. कम्पायलर, असेम्बलर, लिंकर आणि सी भाषेचे मूलभूत ग्रंथालय यांच्या संचाला टूलचेन म्हणतात. १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला जीसीसी हा खुला कम्पायलर या कामी दीर्घकाळ वापरात आहे. प्रत्येक प्रोसेसरचे वर्णन त्यात स्वतंत्र फाइलींमध्ये ठेवलेले असते. नवा प्रोसेसर आला की प्रामुख्याने त्याचे वर्णन नव्याने लिहावे लागते. उरलेला बराचसा कम्पायलर तोच राहतो. जीसीसीच्या अंतर्गत रचनेचा अभ्यास करण्यासाठी आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली जीसीसी रिसोर्स सेंटर चालविले गेले आणि या विषयावर कार्यशाळाही झाल्या.

टूलचेन हाती आल्यावर चार गोष्टी घडवाव्या लागतात. पहिली बूटलोडर, वीज सुरू होताच यंत्राला जागे करून कर्नलपर्यंत नेणे हे त्याचे काम. एआरएम प्रकारच्या अनेक यंत्रांमध्ये त्यासाठी यू-बूट वापरतात. दुसरी गोष्ट म्हणजे कर्नल; तो बांधताना लक्ष्य प्रोसेसर कोणता आणि टूलचेन कोणती, हे आधी सांगावे लागते. तिसरी डिव्हाइस ट्री, म्हणजे यंत्रात कोणते भाग कोठे जोडले आहेत याची नोंदवही. चौथी मूळ फाइल-व्यवस्था. वापरकर्त्याचे सर्व प्रोग्राम तिच्यात असतात. बिल्डरूट आणि योक्टो ही साधने हे टप्पे एकत्र गुंफतात. प्रत्यक्ष यंत्र हाती नसेल, तर क्यूएमयू या प्रोग्रामद्वारे त्याची नक्कल करून चाचणी घेता येते.

युनिक्सपासून नेटबीएसडीपर्यंत

युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम १९७३ मध्ये सी भाषेत नव्याने लिहिली गेली आणि तिला एका यंत्राच्या बंधनातून सुटण्याची वाट मिळाली. १९७७ च्या सुमारास ती मूळच्या पीडीपी-११ यंत्रावरून इंटरडेटा कंपनीच्या निराळ्या यंत्रांवर नेण्यात आली. त्या परंपरेतून आलेल्या नेटबीएसडी प्रणालीने क्रॉस-कम्पायलिंगला आपल्या रचनेच्या केंद्रस्थानी ठेवले. तिच्या मूळ संहितेसोबत येणारी एकच स्क्रिप्ट आधी टूलचेन आणि मग संपूर्ण प्रणाली बांधते. ही प्रणाली पन्नासहून अधिक प्रकारच्या यंत्रांसाठी उपलब्ध आहे.

‘आकाश’चा अनुभव

महाराष्ट्रातील बोलके उदाहरण ‘आकाश’ टॅब्लेटचे आहे. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’चे अनावरण झाले. सरकारने तो २,२६३ रुपयांना खरेदी केला आणि विद्यार्थ्यांसाठी त्याची किंमत १,१३० रुपये ठेवली. सात इंची पडदा, ५१२ एमबी स्मृती आणि ऑलविनर कंपनीची ए-१३ ही एआरएम चिप असे त्याचे स्वरूप होते. त्यावर अँड्रॉइड होते. परंतु अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला लागणारी अनेक साधने ग्नू/लिनक्सवर सहज मिळतात. म्हणून आयआयटी मुंबईतील गटाने या टॅब्लेटवर ग्नू/लिनक्स आणले. बूटलोडर आणि कर्नल साध्या इंटेल संगणकावर क्रॉस-कम्पाइल करायचे, ते मायक्रो-एसडी कार्डावर उतरवायचे आणि कार्ड घालून टॅब्लेट सुरू करायचा, अशी ती पद्धत होती.

या प्रयोगाच्या मर्यादाही लक्षात घेण्याजोग्या आहेत. ए-१३ मधील माली-४०० या चित्रप्रक्रिया भागाची मूळ संहिता उत्पादकाने खुली केली नव्हती, आणि मूळ संहितेशिवाय कम्पायलर काहीच करू शकत नाही. त्या भागासाठी स्वयंसेवी अभ्यासकांनी घडविलेला लिमा हा खुला ड्रायव्हर अधिकृत कर्नलमध्ये आला तो २०१९ मध्ये.

यंत्राचे आयुष्य कोण ठरवणार?

१९९१ मध्ये लिनक्स जन्मले ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर. फेब्रुवारी २०१३ मधील ३.८ या आवृत्तीत त्याच ३८६ चा आधार काढून टाकण्यात आला आणि त्याच आवृत्तीत ‘आकाश’मधील चिपच्या कुळाला प्राथमिक प्रवेश मिळाला. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ बाबत असेच घडले. जुन्या ३२-बिट पर्सनल संगणकांवर ही प्रणाली स्थापित करण्याची सोय तिने बंद केली आणि रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचाला अधिकृत स्थान दिले. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ प्रोसेसर याच आज्ञासंचावर आधारलेला असून २०१८ मध्ये त्यावर लिनक्स सुरू झाले होते.

म्हणजे खुल्या प्रणालीही जुनी यंत्रे मागे सोडतात. फरक पुढच्या पावलात आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, तेव्हा तिची दुरुस्ती स्वतः करून घेण्याचा मार्ग वापरकर्त्यापाशी नव्हता, कारण मूळ संहिता कंपनीच्याच ताब्यात आहे. खुल्या प्रणालीची संहिता मात्र उपलब्ध राहते. डेबियनने सोडलेला ३२-बिट संगणक नेटबीएसडी अजूनही चालवते, आणि तिची नवी आवृत्ती त्या जुन्या संगणकावरच बांधण्याची आवश्यकता नसते. शेजारच्या वेगवान लॅपटॉपवर ते काम होते.

शाळा, ग्रंथालये आणि पंचायतींसाठी यंत्रे खरेदी करणाऱ्या लहान राज्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. खरेदीपूर्वी किंमत आणि हमीचा कालावधी विचारला जातो. चिपची माहितीपत्रके खुली आहेत का, तिचा आधार अधिकृत लिनक्स कर्नलमध्ये आहे का, आणि बूटलोडर बदलण्याची मुभा आहे का, हे तीन प्रश्नही तेव्हाच विचारायला हवेत. या तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर उत्पादकाने हात काढून घेतल्यावरही त्या यंत्रासाठी नवी प्रणाली घडवता येईल. उत्तरे नकारार्थी असतील, तर कितीही उत्तम कम्पायलर हाती असला, तरी यंत्र उत्पादकाच्या मर्जीइतकेच टिकेल.